आधी तिचा नंबर

३ फेब्रुवारी, सोमवार

सुनेला नऊ मिनिटं लागली. टायवाल्याला एक मिनिटसुद्धा नाही. सगळ्यांसमोर!

अजून डोकं बधिर आहे. चहा केला आणि ओट्यावरच विसरले.

इतकं साधं काम होतं. डोळ्यांच्या रुग्णालयातले जुने केसपेपर मागच्या वर्षी स्कॅन झाले. स्कॅन करणाऱ्या महाभागांनी फायलींना नावं देताना अक्कल घरी ठेवली होती. कुठल्या फायलीत कोणाचा डोळा, हे नावावरून ब्रह्मदेवालाही कळणार नाही. म्हणून रोज सकाळी एकेक फाइल उघडायची, आतला रुग्ण क्रमांक बघायचा, त्या दिवशी येणाऱ्यांचे कागद वेगळे काढायचे आणि डॉक्टर खुर्चीत बसायच्या आत त्यांच्यापुढे ठेवायचे. माणसाने केलं तर दुपार होते. त्यासाठी प्रोग्रॅम हवा होता. मी तिथे नोंदणीच्या खिडकीवर आठवड्यातून तीन दिवस फुकट बसते, म्हणून माझंही मत विचारलं. मी म्हटलं, माझी सून हेच काम शिकलेली आहे, घरात माणूस असताना बाहेर कशाला शोधता? पण विश्वस्तांचे अध्यक्ष पडले निवृत्त न्यायाधीश. 'दुसरी बाजू ऐकल्याशिवाय कसं ठरवायचं?' म्हणून हा टायवाला आला. खोलीतला पंखा बंद, आणि याच्या गळ्यात टाय.

एकच कम्प्युटर, त्याच फायली, दोघांनी एकापाठोपाठ एक करून दाखवायचं. आधी कोण? जजसाहेब म्हणाले, चिठ्ठी टाकू. मी म्हटलं, चिठ्ठी कसली, आधी तिचा नंबर. बाईमाणूस ताटकळत बसणार आणि पुरुष पुढे घुसणार, हे माझ्यादेखत होणार नाही. नन्सच्या शाळेत दुसरं काही शिकले नसेन, एवढं शिकले आहे. टायवाला कमरेत वाकून म्हणाला, "अर्थात, मॅडम."

सुनेने बटण दाबलं. पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकायला लागली. जजसाहेबांनी खिशातून खोकल्याची गोळी काढून ती चघळून संपवली. रुग्णालयाच्या डॉक्टरीणबाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं. मग तो बसला, बटण दाबलं — झालं! मी चष्मा चढवेपर्यंत झालं.

"उत्तर बरोबर आहे का पण?" मी विचारलं.

बरोबर होतं. दोघांचंही.

सून काही बोलली नाही. पडद्याकडे बघत राहिली आणि मग बॅग आवरली. रिक्षातही गप्प. मीही गप्प. बोलले असते तर वाईटच बोलले असते.

४ फेब्रुवारी, मंगळवार

निकाल महिनाअखेरीला कळवणार म्हणे. कळवायचं काय राहिलंय? रुग्णालयाच्या शिपायापर्यंत पोचलंय. खिडकीशी येऊन म्हणतो, "मॅडम, तुमच्या सूनबाईंचं गाडं जरा दमानं चालतं म्हणे." म्हटलं, तुझी फाइल शोधायला लावते तिला, आधी मेंदू सापडतो का बघू.

काम मिळालं असतं तर सून आणि नात टिल्ली इथेच राहिल्या असत्या. नाही मिळालं तर जातील चिरंजिवांकडे. ते वर्षभर त्या दूरच्या शहरात बसलेत. तीन खोल्यांची जागा घेतली आहे, आणि फोनवर एकच पालुपद, "आई, टिल्लीला इथल्या शाळेत जागा मिळतेय." टिल्ली पाच वर्षांची. शाळा इथेही आहेत. भिंती आणि काळे फळे असलेल्या.

मला काय! मी एकटी राहू शकते. हे गेले तेव्हाही कोणाच्या गळ्यात पडले नाही. प्रश्न माझा नाहीच. इतकी शिकलेली मुलगी, मूल झाल्यापासून घरात बसून आहे. तिच्या हाताला काम मिळावं म्हणून मी धडपडले.

नऊ मिनिटं! लोकांना काय तोंड दाखवू?

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज एक विलक्षण प्रकार घडला. अजून विश्वास बसत नाही.

दुपारी सून टिल्लीला आणायला बालवाडीत गेली होती. पुढच्या खोलीत यांचा जुना कम्प्युटर आहे. सून त्यावरच तालीम करायची. खोट्या केसपेपरांचा एक ढीग तिने त्यात भरून ठेवला आहे, हजारो आहेत. म्हटलं, बघू तरी हा तिचा प्रोग्रॅम एवढा वेळ करतो काय. कसा चालवायचा ते तिने मागे कागदावर लिहून दिलं होतं. लावला. विणायला घेतलं. दोन ओळी विणून झाल्या, तिसरी अर्धी झाली, तेव्हा कुठे आटोपला. पेटीच्या आत कोणीतरी अडकित्त्याने सुपारी कातरत बसल्यासारखा आवाज येत होता सारखा.

उत्तर नीट वाचायचं राहून गेलं म्हणून पुन्हा लावला. सुई उचलली, टाका घालायच्या आत संपला. आवाजसुद्धा नाही!

मला वाटलं, बिघडला. तिसऱ्यांदा लावला. पुन्हा तसंच, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच. तेच उत्तर, तोच क्रम.

पाच मिनिटांपूर्वी जो रखडत होता, तो आता टायवाल्यासारखा पळत होता. प्रोग्रॅमला मी हातही लावला नव्हता.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

काल लिहिलं नाही ते आज लिहिते. माझ्या मनात पहिला विचार काय आला? की सून लबाडी करते आहे.

एकदा काढलेलं उत्तर कुठेतरी लपवून ठेवायचं आणि दुसऱ्यांदा तेच तोंडावर फेकायचं, असा डाव तिने आत घालून ठेवला असणार. आमच्या वर्गात एक होती तशी. गणिताची उत्तरं पट्टीच्या मागे लिहून आणायची. सिस्टरने तिला दोन तास भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं.

जेवताना सुनेकडे निरखून पाहिलं. "काय झालं, आई?" म्हणाली. "काही नाही, जेव." लबाड माणसाची भूक अशी नसते. तिने दोनदा भात घेतला.

८ फेब्रुवारी, शनिवार

दोघी बागेत गेल्यावर सापळा लावला. कम्प्युटर गुरुवारपासून चालूच होता.

मधलाच एक खोटा केसपेपर उघडला, आतला क्रमांक खोडून माझा स्वतःचा घातला, आणि माझा क्रमांक शोधायला सांगितला. जुनं उत्तर लपवून ठेवलं असेल तर आता पकडली जाईल! बटण दाबलं.

क्षणात माझा कागद पुढे. बाकीचे हजारो कागद मागे टाकून बरोबर माझाच.

म्हणजे ती लबाडी करत नव्हती. प्रोग्रॅम खरंच सगळे कागद पुन्हा वाचत होता. खरंच वाचत होता, आणि तरीही पापणी लवायच्या आत!

मी खुर्चीतच बसून राहिले. सुनेवर संशय घेतल्याची लाज वाटायला हवी होती. वाटली, पण थोडीच. कुतूहल जास्त होतं.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी कम्प्युटर नव्याने सुरू केला. तोच प्रोग्रॅम, तेच कागद. पुन्हा रखडला! पुन्हा तो सुपारी कातरल्याचा आवाज. संपल्यावर लगेच परत लावला. गुपचूप, झटपट.

बंद केला, चालू केला. रखडला. परत लावला. पळाला.

"आजी, तू त्याला सारखं झोपवते आणि उठवते का?" टिल्ली म्हणाली.

पोरीने बरोबर तेच पाहिलं होतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

कळलं. सगळं कळलं!

सकाळभर इंटरनेटवर वाचत बसले. नन्सची कृपा, इंग्रजी वाचायला कोणाचं तोंड बघावं लागत नाही. अर्धं डोक्यावरून गेलं, पण जे आत शिरलं ते पुरे आहे.

कागद असतात डिस्कवर. ती जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीसारखी फिरते आणि एक काटा पुढे-मागे पळून वाचतो. हे काम संथ असतं. पण एकदा वाचलेलं यंत्र लगेच फेकून देत नाही. पुन्हा कोणी मागेल या आशेने जवळच्या चपळ आठवणीत धरून ठेवतं. याला कॅश म्हणतात. पैशाची नव्हे, मीही आधी तसंच समजले. जागा असेपर्यंत धरून ठेवतं. दुसऱ्यांदा मागितलं की तबकडीपर्यंत जातच नाही, हातातलंच देतं. आणि यंत्र बंद केलं की ती आठवण पुसली जाते. प्रोग्रॅमला यातलं काही ठाऊक नसतं. त्याच्या पाठीमागे यंत्रच हे सगळं परस्पर करत असतं.

मला हे समजायला इतके दिवस लागायला नको होते. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली मी! पहिल्यांदा कोणी एखादा नंबर मागितला की सकाळच्या पाळीची मुलगी डिरेक्टरी उघडायची, पानं उलटायची, बोटाने ओळ शोधायची. दुपारपर्यंत तोच नंबर दहा जणांनी मागितलेला असायचा, मग ती डिरेक्टरीकडे बघायचीसुद्धा नाही. गिऱ्हाइकाला वाटायचं, काय हुशार मुलगी! आणि संध्याकाळी पाळी बदलली की नवी मुलगी पुन्हा पान एकपासून.

म्हणजे त्या सोमवारी काय झालं?

रुग्णालयाचा कम्प्युटर शिपायाने आमच्यासमोर नुकताच चालू केला होता. सुनेच्या प्रोग्रॅमने ते हजारो कागद त्या तबकडीवरून एकेक करून वर आणले. नऊ मिनिटं घाम गाळून. आणि तो टायवाला येऊन बसला तेव्हा सगळं यंत्राच्या हातात तयार होतं. हिने डिरेक्टरी चाळली, त्याने नुसते नंबर जोडले!

आणि आधी तिचा नंबर, असं कोण म्हणालं? जजसाहेब चिठ्ठी टाकत होते, त्यांना थांबवलं कोणी?

माझ्या शिष्टाचाराने माझ्या सुनेचा गळा कापला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सुनेला सांगितलं. ती मटार सोलत होती. मी सगळं सांगितलं — तबकडी, काटा, आठवण, पाळीवरची मुलगी. मला वाटलं, ही आता ताडकन उठेल. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता, हिचा का होऊ नये?

"हो, तसं होतं कधीकधी," ती म्हणाली. आणि शेंग मोडली.

"कधीकधी काय! अगं, तू हरली नाहीस. तुला हरवलंय."

"राहू द्या ना, आई. झालं ते झालं."

"तुला अपमान वाटत नाही?"

"वाटला ना. एक दिवस वाटला." मग हळूच म्हणाली, "तुम्ही नका त्रास करून घेऊ. जजसाहेबांना उगीच अवघड होईल."

जजसाहेबांना अवघड! जन्मभर लोकांना तुरुंगात धाडलं त्या माणसाने, एक कम्प्युटर बंद करून चालू करायला त्याला अवघड होईल?

या पिढीत कणाच नाही. आम्ही सुपरवायझरच्या टेबलावर हात आपटायचो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

चिरंजिवांचा फोन. "आई, तू यात पडू नकोस." म्हटलं, मी कशात पडायचं ते तू पाळण्यात होतास तेव्हापासून मीच ठरवते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

जजसाहेबांच्या घरी गेले. ते कुंड्यांना पाणी घालत होते. मी उभ्या उभ्याच सुरू केलं.

"बाई, तुम्ही नातेवाईक आहात," ते म्हणाले.

"मी नातेवाईक आहे म्हणून तबकडी उलटी फिरते का?"

"म्हणजे त्या गृहस्थांनी फसवलं, असं तुमचं म्हणणं?"

"नाही. मी फसवलं. तुम्ही चिठ्ठी टाकत होता, मी टाकू दिली नाही."

त्यांनी झारी खाली ठेवली. इतक्या वर्षांत त्यांच्यासमोर आरोपीने असं कधी कबूल केलं नसावं.

मग मी त्यांना एकच प्रश्न विचारला. रुग्णालयात हे काम दिवसातून किती वेळा व्हायचंय? एकदा. कधी? सकाळी, कम्प्युटर चालू केल्या केल्या. म्हणजे रोज यंत्र कोरंच असणार. दुसऱ्यांदा कोण किती पळतो, याचं लोणचं घालायचंय का? पहिल्यांदा कोण किती वेळ घेतो, ते बघा. प्रत्येकाच्या आधी यंत्र बंद करून चालू करा. आणि या खेपेला आधी तो.

"तुमचं म्हणणं नोंदवलं," जजसाहेब म्हणाले.

नोंदवलं म्हणजे काय, हे विचारायला गेट ओलांडून परत मागे गेले. म्हणाले, सोमवारी सकाळी.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सुनेला सोमवारचं सांगितलं. तिच्या हातातली बशी निसटता निसटता राहिली. "तुम्ही जजसाहेबांकडे गेला होतात?" म्हणाली. मी म्हटलं, मग कोण जाणार, तू?

ती दिवसभरात माझ्याशी दोन वाक्यं बोलली असेल. आनंदाचा धक्काही माणसाला मुका करतो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

काय दिवस होता! क्रमाने लिहिते, नाहीतर घोटाळा होईल.

रुग्णालय उघडायच्या आधी सगळे जमले. शिपायाला मी स्वतः विचारलं, काल संध्याकाळी कम्प्युटर बंद केला होतास? "हो मॅडम, प्लगसकट काढलाय." माझ्यासमोर चालू केला.

टायवाला मला म्हणाला, "काकू, मी तर त्या दिवशीही आधी जायला तयार होतो." काकू! पण खोटं बोलत नव्हता बिचारा. तेच तर टोचलं.

त्याने बटण दाबलं आणि हसत मागे टेकून बसला. पट्टी हलेना. तबकडी अशी करवादायला लागली की डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आत काही तुटलंय का? त्याचं हसू गेलं. मग टेकणं गेलं. मग टाय सैल झाला. जजसाहेबांची गोळी संपली, दुसरी काढली, तीही संपली, आणि त्यांचा डोळा लागला. बाहेर पहिले रुग्ण डोळ्यांवर हिरव्या पट्ट्या लावून बाकावर येऊन बसले, तरी याचं चालूच. शेवटी संपलं तेव्हा अर्ध्या तासावर वेळ गेला होता.

बंद. चालू.

सून बसली. तिने बटण दाबलं. नऊ मिनिटं. तेवढीच, पहिल्यासारखीच.

मी कोणाकडेही पाहिलं नाही. पाठ ताठ ठेवून बसले.

"आता याचा पुन्हा लावा," मी म्हटलं. टायवाल्याने लावला. क्षणात! जजसाहेब खडबडून जागे झाले. "हे काय गौडबंगाल आहे?" त्यांना पाळीवरच्या मुलीची गोष्ट परत सांगितली, आणि या वेळेला ती पोचली. दोन्ही प्रोग्रॅम दुसऱ्या फेरीला सारखेच पळत होते. फरक होता तो फक्त कोऱ्या यंत्रावर.

"पण कोऱ्यावर यांचा इतका का रखडतो?" डॉक्टरीणबाईंनी सुनेला विचारलं. "फायली तर त्याच."

सून गप्प बसली. जरा जास्तच वेळ. मला वाटलं, विसरली की काय. मी कोपराने ढोसलं.

मग खाली बघून म्हणाली, "हे नावांच्या क्रमाने फायली उघडतात. नावं वाट्टेल तशी दिलेली आहेत, त्यामुळे काट्याला सगळ्या डिस्कभर उड्या माराव्या लागतात. फायली डिस्कवर ज्या ओळीने ठेवलेल्या आहेत त्याच ओळीने मी उघडते. पोस्टमन गल्लीने फिरतो तसं. हे आडनावांच्या क्रमाने पत्रं वाटतायत. एकदा सगळं मेमरीत आलं की मग कसंही फिरलं तरी चालतं, म्हणून त्या दिवशी फरक दिसला नाही."

टायवालाच पहिल्यांदा म्हणाला, "अरे हो की!" आणि लिहून घ्यायला लागला.

जजसाहेब उठून उभे राहिले. काम सुनेला. दोन वर्षांसाठी. कोणाचीच हरकत नाही.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डोळ्यांच्या रुग्णालयात ते खपून गेलं.

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला होता. किती ताण घेतला असेल मनावर पोरीने!

१८ फेब्रुवारी, मंगळवार

शिपायाला म्हटलं, काय रे, गाडं कोणाचं दमानं चालतं? पळाला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

कराराचा कागद आला. सुनेच्या टेबलावर ठेवला, वर पेनही ठेवलं.

टिल्लीसाठी कोपऱ्यावरच्या शाळेत चौकशी करून आले. मुख्याध्यापिका बरी वाटली. पाठीला पोक आहे, पण इंग्रजी शुद्ध आहे. पुढची खोली टिल्लीला द्यायची. तो कम्प्युटर सुनेच्या खोलीत हलवू. माझ्या कपाटातला एक कप्पाही तिला रिकामा करून दिला. "कशाला, आई?" म्हणाली. म्हटलं, दोन वर्षांत सामान वाढतं.

चिरंजिवांना कळवलं. फोनवर बराच वेळ काही ऐकूच येईना. लाइन तुटली वाटतं, म्हटलं तर "नाही, आहे मी" म्हणाले. मग, "तिला दे."

ती गॅलरीत जाऊन बोलली. दार ओढून घेतलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

कागद तसाच पडून आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी विचारलं, सही करायला मुहूर्त लागतो का?

ती माझ्या पलंगाच्या कडेला येऊन बसली. या घरात आल्यापासून पहिल्यांदा.

"आई, तुम्ही शोधून काढलंत ते मला त्याच दिवशी कळलं होतं. त्याने बटण दाबलं आणि पट्टी पळाली, तेव्हाच. यंत्र बंद करून पुन्हा लावा, एवढंच म्हणायचं होतं."

"मग म्हणाली का नाहीस?"

"म्हटलं असतं तर काम मिळालं असतं."

मी चष्मा काढून ठेवला.

"तिकडे जायचंय हो मला," ती म्हणाली. "वर्ष झालं. तुम्हाला एकटं टाकून जाते म्हणायचं तोंड नव्हतं. काम मिळालं नाही म्हणून गेले, असं झालं असतं तर..."

कागद उचलून खणात टाकला. टायवाल्याचा नंबर रुग्णालयातून मागून घेतला आणि मीच फोन लावला. म्हटलं, फायली कुठल्या क्रमाने उघडायच्या ते माझी सून तुम्हाला नीट शिकवेल. पण उद्याच या. पुढच्या आठवड्यात ती इथे नसेल.